हवालदारांच्या पुस्तकातला सहावा माणूस

बातमी घेऊन आला तो गिरणीच्या फाटकावरचा हवालदारांचा एक जुना सोबती. मी छापखान्यात एका लग्नपत्रिकेचं प्रूफ वाचत होतो, वधूच्या मामांची नावं मूळ कागदाशी ताडून पाहत होतो. तो दारातूनच म्हणाला, "गजभिये हवालदार गेले. सकाळी नळावर बादली भरून राहिले होते, तिथंच बसले." मी चष्मा काढून ठेवला. माणूस गेल्याचं ऐकून पहिल्यांदा काय वाटावं हे कोणाच्या हातात नसतं, पण मला जे वाटलं ते मी इथे लिहिणार आहे. ते लपवून हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. मला वाटलं, आता ते कधीच कळणार नाही. दुःख त्यानंतर आलं... सायकल हातात धरून नंदनवनकडे चालत निघालो तेव्हा, अर्ध्या रस्त्यात.

लहानू गोविंदा गजभिये आणि मी अकरा वर्षं एका गल्लीत राहिलो. मी प्रूफं वाचतो. नागपूरच्या महाल भागातल्या एका छापखान्यात माझी सगळी नोकरी याच कामात गेली. हे काम शिकवणाऱ्या माझ्या गुरूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की लिहिणारा शहाणा आहे असं मानून वाचलंस तर चूक सुटेल, तो गाफील आहे असं मानूनच वाच. ही सवय छापखान्यापुरती राहत नाही. ती घरी येते, भाजीवाल्याच्या तराजूवर जाऊन बसते, पाहुण्याच्या बोलण्यात दोन तारखा जुळल्या नाहीत की जागी होते. माझी बायको म्हणते की तुम्ही माणसाकडे पाहत नाही, त्याच्या काना-मात्रांकडे पाहता. खोटं नाही ते.

नंदनवनची वस्ती तेव्हा नवी होती. घरं उभी राहिली होती, झाडं अजून आली नव्हती. हवालदार तिथे राहायला आले त्याच्या आधी त्यांची कहाणी येऊन पोचली होती. बासष्टच्या लढाईत त्यांची तुकडी पूर्वेकडच्या डोंगरात होती. ते चिन्यांच्या हाती लागले, काही महिने कैदेत होते, आणि त्रेसष्टच्या उन्हाळ्यात परत आले. कोणी म्हणे, कैदेतून माणूस वाळून येतो, हे तर चांगले भरून आले. कोणी म्हणे, तिकडे त्यांना काय काय शिकवून पाठवलं असेल कोण जाणे. पानठेल्यावर तर असंही ऐकू येई की साध्या कपड्यातला कोणी माणूस अधूनमधून येतो आणि हवालदाराकडे कोण येतं-जातं ते विचारतो. तो माणूस मी कधी पाहिला नाही, पाहिलेला कोणी भेटलाही नाही, पण ऐकून घेताना मी कधी कोणाला थांबवलं नाही हेही खरं. हवालदारांच्या कानावर हे सगळं जात असणार. बर्फाने डाव्या पायाची बोटं नेली होती, त्यामुळे ते टाच आधी टेकवून चालत, आणि पानठेल्याजवळून जाताना त्यांची चाल जरासुद्धा बदलत नसे. फौज सोडल्यावर ते एका कापडगिरणीच्या फाटकावर जमादार होते. त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई, आमच्या वहिनी, दोन घरं सोडून असलेल्या आमच्या घरी माझ्या बायकोकडे लोणच्याची बरणी घेऊन येत, आणि घरातलं फार काही बोलत नसत.

एका रविवारी ते माझ्याकडे आले. हातात गिरणीच्या रद्द झालेल्या गेटपासांची चार-पाच बाडं होती. प्रत्येक पासाच्या कोऱ्या पाठीवर बारीक, सरळ अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. "वसंतराव," ते म्हणाले, "हे वाचून पाहा. मराठी हाये का ते सांगा."

मी वाचलं. पहिल्याच बाडात एक वाक्य होतं: हातमोजा काढल्याशिवाय बंदुकीचा घोडा दाबता येत नव्हता आणि काढला तर बोट लोखंडाला चिकटत होते. मी ते दोनदा वाचलं. पुढे खेचरांवरून आलेली आणि वाटेत फुटलेली रॉकेलची डबी होती, पीठ त्या रॉकेलने भिजलं तरी त्याच्याच रोट्या करून खाणारे शिपाई होते, आणि घरून आलेलं पत्र वाचता येत नाही म्हणून ते नुसतं छातीशी धरून झोपणारा एक जवान होता. मी इतकी वर्षं मोठमोठ्या लेखकांची प्रूफं वाचली होती. हा माणूस त्यांच्यातल्या कित्येकांहून साधं आणि नेमकं लिहीत होता. आणि मला, खरं सांगायचं तर, आनंद झाला नाही. संशय आला. सातवी शिकलेला हवालदार, गिरणीच्या फाटकावर उभा राहणारा... हे यांनी लिहिलं? आज हे लिहिताना मला स्वतःला विचारावंसं वाटतं की हेच माझ्या आडनावाच्या कोणा निवृत्त सुभेदाराने आणून दिलं असतं तर मला तसं वाटलं असतं का. माझं घराणं भोसल्यांच्या काळात दफ्तरदारीसाठी नागपुरात आलं. लेखणी आपल्याच घरातली, असा एक समज आमच्यात न बोलता चालत आलेला आहे. हवालदारांनी छप्पन साली सुटीवर असताना आईवडिलांसोबत दीक्षा घेतली होती. त्यांच्या घरात लिहिणारे ते पहिलेच होते.

मी सरळ विचारलं नाही. म्हटलं, हवालदारसाहेब, एक पान माझ्यासमोर लिहाल का, तुमचं अक्षर कंपोझिटरला लागेल की नाही ते पाहायचं आहे. त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग माझ्याच टेबलावर बसून, माझ्याच पेन्सिलीने, दोन ओळी लिहून कागद माझ्यापुढे सरकवला. त्यावर होतं: वसंतरावांना वाटते की हे मी लिहिलेले नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही वाटले असते. मी मान वर केली तर ते हसत नव्हते, रागावलेलेही नव्हते. "अक्षर लागते का?" एवढंच त्यांनी विचारलं.

पुस्तक आमच्याच छापखान्याने काढायचं ठरलं. नाव त्यांनीच दिलं, 'उतारावरची चौकी'. गॅल्या, म्हणजे लांब पट्ट्यांवरची पहिली प्रूफं, निघू लागल्या आणि रोज संध्याकाळी मी ओळीखाली पट्टी धरून त्यांच्यासोबत त्या डोंगरावर जाऊ लागलो. सातव्या प्रकरणात त्यांच्या चौकीवर सहा जण आहेत. वरून हुकूम यायचा थांबला आहे, शिधा संपला आहे, सहा जण एका मगातून आळीपाळीने चहा पितात. कोण कितवा प्यायला तेही नावानिशी लिहिलं आहे, चौथा मात्र नुसता 'एक शिपाई' आहे. आठव्या प्रकरणात हल्ला होतो, आणि तिथे पहिल्याच ओळीत आहे: आम्ही पाचही जण. पाचांतले तिघे पडतात, दोघे पकडले जातात. सहाव्याचं काय झालं? तो मेला असं नाही, जखमी होऊन खाली पाठवला असं नाही, कुठे गेला असं नाही. दोन प्रकरणांच्या मधल्या कोऱ्या जागेत एक जिवंत माणूस नाहीसा होतो. मी समासात पेन्सिलीने मोठं प्रश्नचिन्ह काढलं आणि गॅली त्यांच्याकडे पाठवली.

गॅली परत आली तेव्हा बाकी सगळ्या दुरुस्त्या त्यांनी नीट केलेल्या होत्या. माझं प्रश्नचिन्ह मात्र खोडरबराने पुसलेलं होतं. कागद तिथे जरा झिजला होता. मी घरी जाऊन विचारलं.

"एक माणूस कमी आहे, हवालदारसाहेब."

"पहिले सहा मोजले ना?"

"मोजले."

"मंग राहू द्या."

"वाचणारा विचारील."

ते म्हणाले, "विचारू द्या. छापा तसंच."

चूक दाखवल्यावर लेखक तीन गोष्टी करतात. मान्य करतात, भांडतात, नाहीतर समजावून सांगतात. चूक आहे हे माहीत असून ती जपणारा लेखक मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. पानठेल्यावर ऐकलेल्या, इतकी वर्षं अर्धवट सोडून दिलेल्या गोष्टी आता मला एका ओळीत बसवाव्याशा वाटू लागल्या.

त्याच सुमारास एका दुपारी वहिनी आमच्याकडे आल्या. बायको बाजारात गेली होती. त्या परत जायला निघाल्या, दारात थांबल्या, पदर बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "भाऊजी, हे दर दोन महिन्यानं खाप्याले जाते. विचारलं तं म्हणते, काम हाये. तिथं आमचं कोनी नाई. तुमी शिकले-सवरले माणूस, एक डाव पाहून या ना तिथं कोन हाये." एवढं बोलून त्या उभ्याच राहिल्या, जणू मी नाही म्हणावं अशी त्यांची इच्छा होती. मी हो म्हटलं. त्यांच्यासाठी म्हटलं असं सांगणं सोपं आहे. पण मला स्वतःलाच जायचं होतं.

पुढच्या खेपेला हवालदार सावनेरच्या एसटीत बसले, आणि मी त्यांच्या मागच्या गाडीने गेलो. सावनेरहून दुसरी गाडी धरून खाप्याला उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. गाव लहान, टाच टेकवत चालणारा माणूस कुठल्या घरी येतो ते कळायला वेळ लागला नाही. कन्हान नदीच्या बाजूला शेवटच्या ओळीत एक कौलारू घर होतं, दार उघडं होतं. आत भिंतीवर वर्दीतल्या एका तरुण शिपायाचा हार घातलेला फोटो, खाली बाजेवर हवालदार बसलेले, समोर चाळिशीची एक बाई जमिनीवर. ती सांगत होती, ते पोस्टकार्डावर लिहीत होते. मधेच तिने उठून त्यांच्यापुढे पाण्याचा गडू ठेवला, न विचारता, जसा घरच्या माणसापुढे ठेवतात. मी दारापर्यंत गेलो नाही. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "थे श्रावण बागड्याची चंद्रभागा. नवरा बासष्टात गेला, चीनच्या लढाईत. पोरगा बी फौजेतच हाये, हवालदारानंच भरती केला. हवालदार अन् तिचा नवरा एकाच चौकीवर होते म्हंते."

एकाच चौकीवर. सहाव्या माणसाचं नाव मला मिळालं होतं, श्रावण बागडे. परतीच्या गाडीत मी बेरीज मांडली. डोंगरावर सहा जण, एक नाहीसा झाला, तो कसा नाहीसा झाला हे सांगायला परत आलेला हवालदार तयार नाही, आणि त्या माणसाच्या बायकोच्या घरी तो दर दोन महिन्यांनी जातो. यातून जे उत्तर निघत होतं ते मी मोठ्याने कोणाला सांगितलं नाही. पण ते मी मनातून काढूनही टाकलं नाही. वहिनींना म्हटलं, कोणी जुन्या सोबत्याचं घर आहे, काळजी करू नका. त्यांनी "बरं" म्हटलं. माझ्यावर त्यांचा विश्वास बसला नाही हे मला दिसलं, कारण मीही अशा वेळी असंच "बरं" म्हणतो.

पुस्तक आलं, लोकांना आवडलं. आमच्या भागातल्या वाचनालयाने हवालदारांचा सत्कार करायचं ठरवलं. मी त्या समितीत होतो. बैठकीत फौजेतून निवृत्त झालेले एक कप्तान होते, शिस्तीचे गृहस्थ. ते पुस्तक खुणा करून घेऊन आले होते. त्यांनी विचारलं, चौकीवर सहा जण होते, सहावा कुठे गेला? चौकीच्या प्रमुखाला आपला प्रत्येक माणूस कुठे आहे हे सांगता आलं पाहिजे. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणू शकलो असतो की छपाईत राहून गेलं. मी म्हणालो, "मीही विचारलं होतं. त्यांनी उत्तर दिलं नाही, प्रश्नच पुसून टाकला." यात एक शब्द खोटा नव्हता. पण हे म्हणताना माझ्या आवाजात खाप्याचं ते उघडं दार होतं, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं असावं. सत्कार पुढे ढकलला गेला, मग त्याचा कोणी विषय काढला नाही. वस्तीत महिनाभरात त्या एका वाक्याची तीन वाक्यं झाली. हवालदाराने सोबत्याला टाकून जीव वाचवला. त्याला पुढे करून स्वतः हात वर केले. चिन्यांना दाखवून दिला. मी ही वाक्यं तयार केली नव्हती. पण पहिली ओळ माझी होती.

हवालदार एकदाच त्याबद्दल बोलायला आले. बसले, चहा घेतला, कप खाली ठेवला. "तुमी म्हनलं का तिथं, का मी उत्तर देल्लं नाई?"

"म्हटलं. तसंच झालं होतं."

"हो. तसंच झालं होतं." ते उठले. दारात पायताण घालताना म्हणाले, "प्रूफ पाहनाऱ्यानं दाखवालेच पाह्यजे, वसंतराव. त्याच्यात तुमची चूक नाई." त्यांनी असं म्हणायला नको होतं असं मला तेव्हा वाटलं. शिवी दिली असती तर माझा हिशेब पुरा झाला असता. माफ करणारा माणूस काहीतरी लपवतोच, असा निष्कर्ष मी त्यातूनही काढला... संशयाचं असं असतं, त्याला काहीही चालतं.

त्यानंतर सव्वा-दीड वर्ष ते आमच्याकडे आले नाहीत. चौकात भेटले की हात कपाळाजवळ नेत आणि पुढे जात. मग एक दिवस पुन्हा बाडं घेऊन दारात उभे. बालपणाच्या आठवणी होत्या, गावकुसाबाहेरच्या घराच्या, दीक्षेच्या आधीच्या. मी ओशाळून म्हटलं, दुसरा कोणी पाहून देईल, मी नाव सुचवतो. ते म्हणाले, "दुसरा शब्द पाहील. तुमी माणसं मोजता." हे ते टोचून बोलले की मनापासून, हे मला त्या दिवशी समजलं नाही. ती प्रूफं अर्ध्यावर आली होती तेव्हाच ते गेले.

विहाराच्या आवारात शोकसभा झाली. त्रिशरण-पंचशील झालं, मग बोलणारे बोलले. कप्तानही बोलले, आदराने बोलले. पण शेवटी म्हणाले, गजभिये यांच्या लेखनात एक मौन होतं, ते ते सोबत घेऊन गेले. समजणाऱ्यांनी माना खाली घातल्या. मला बोलायला सांगितलं होतं, मी घसा बसल्याचं निमित्त केलं. स्त्रियांच्या शेवटच्या रांगेत खाप्याला पाहिलेली ती बाई मला दिसली, आणि तिच्यामागे वर्दीतला एक पंचविशीचा जवान.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा निरोप आला, लगेच या. हवालदारांच्या खोलीत ती दोघं बसली होती, चंद्रभागाबाई खाली सतरंजीवर, मुलगा प्रकाश भिंतीला टेकून उभा. वहिनी दाराशी होत्या. आत आल्या नव्हत्या, बाहेरही गेल्या नव्हत्या. मला पाहून चंद्रभागाबाईंनी विचारलं, "प्रूफ पाहते ते तुमीच ना? मंग बसा. काल तो कप्तान बोलला, म्या आयकलं. दादा आता बोलनार नाई. तं मले बोलाले पाह्यजे."

त्यांनी सांगितलं ते मी शक्य तितकं त्यांच्याच शब्दांत देतो. "दादा कैदेतून सुटून पयले माह्या घरी आले. पाय बांधलेला होता. म्हणे, बाई, कागदावर म्या लिहून देल्लं का श्रावण लढाईत लापता झाला. पन तसं नाई झालं. शिधा सरल्याच्या चौथ्या दिवशी त्यानं बंदूक नीट भिंतीले टेकवून ठेवली अन् म्हणे, हवालदारसाहेब, मी घरी जाऊन राहिलो. सगळे हासले. त्यायले वाटे मजाक करते. तो खरंच निंगाला. दादा त्याच्या मांगं धावले. फौजेचा नेम असा हाये म्हणे, का थांब म्हनायचं, नाई थांबला तं गोळी. दादानं बंदूक उचलली बी होती. ह्यानं मांगं पाहून म्हनलं, पोरगं झालं मले, पाह्यलं नाई अजून. दादानं बंदूक खाली केली. खिशात गुळाचा खडा होता, तो देल्ला, म्हणे वाटेत खा. दुसऱ्या दिवशी चिनी आले. तिघं मेले, दोघं कैदेत गेले. हा मातर कोनालेच दिसला नाई पुन्हा. बर्फात पडला असन कुठंतरी."

वहिनींनी पाणी आणून चंद्रभागाबाईंसमोर ठेवलं.

"दादा माह्यासमोर रडले. म्हणे, म्या त्याले थांबवलं असतं तं तो माह्यासंगं कैदेत गेला असता. कैदेतून मी आलो, तो बी आला असता. म्या त्याच्यावर दया केली अन् मारला. मी म्हनलं, दादा, हे पोराले सांगू नका. कोनालेच सांगू नका. पळपुट्याचं पोरगं म्हनतीन त्याले. दादा म्हणे, नाई सांगत. तेवीस वर्स नाई सांगतलं."

मी पुस्तकाबद्दल विचारलं. त्यात सहा का ठेवले? पाच लिहिले असते तर कोणाला काही कळलं नसतं.

"म्या बी तेच म्हनलं. ते लिहिलेलं घेऊन आले, मले वाचून दाखवलं. मी म्हनलं, पाचच लिहा ना दादा. तं मानले नाई. म्हणे, सरकारले कागदावर एक डाव खोटं सांगतलं, आता पुन्हा पुस्तकात कसं सांगू. खरं सांगाची तुमी मनाई केली. मंग मी चूप राहीन, पन तो नव्हताच असं नाई लिहीन. तो होता ना तिथं. आमच्यासंगं चहा पेला त्यानं."

मी खाली पाहत होतो. मला वहिनींचा आवाज आला, अगदी हळू. "मले काहून नाई सांगतलं?" हे त्यांनी आम्हाला विचारलं नव्हतं, पण चंद्रभागाबाईंनी उत्तर दिलं. "बाई, मले माहीत होतं वं तुमाले काय वाटत असन. बाई मानूस हावो मी. दादाले किती डाव म्हनलं, घरी तं सांगा. म्हणे, तुमाले वचन देल्लं. बायकोले सांगून बाकीच्याले लपवलं तं ते वचन कायचं." वहिनी दाराच्या चौकटीला धरून खाली बसल्या.

प्रकाशला हे केव्हा कळलं ते मी विचारलं, तर त्याच्या आईनेच सांगितलं, "काल, इकडं येताना. सावनेरहून एसटी सुटल्यावर सांगतलं. म्हनलं, गाडीत चारचौघांत असला म्हंजे आवाज करनार नाई." मुलाच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट वाचता आलं नाही. ज्या बापाच्या फोटोला नमस्कार करून तो फौजेत गेला त्याची गोष्ट एका बसप्रवासात बदलली होती, आणि ज्याने त्याचा हात धरून त्याला भरतीच्या रांगेत उभं केलं त्याचीही. मग तो म्हणाला, "काका, पुस्तकाच्या त्या पानावर माझ्या वडलांचं नाव टाकता येते का?" मी म्हटलं, पुस्तक छापून झालं आहे. "मंग पेपरात टाका. नाव टाकून लिहा. नाव नसलं तं लोक म्हणतीन, हवालदाराले वाचवाले कोनी बनवलं." मी चंद्रभागाबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवून होकार दिला.

त्याच दुपारी मी कप्तानांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाले, "मी त्या चौकीवर असतो तर मला गोळी घालावी लागली असती." मग म्हणाले, "बरं झालं, मी नव्हतो." आमच्या समितीने आता काय करावं याबद्दल आम्ही दोघंही काही बोललो नाही. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. खाप्याला त्या दिवशी मी दारापर्यंत गेलो असतो आणि नुसतं विचारलं असतं, तर हवालदारांनी मला सांगितलं नसतंच. पण मी त्यांच्याजवळ बाजेवर बसलो असतो, एवढं तरी झालं असतं. माझ्या नोकरीत मी हजारो चुका पकडल्या, त्यांचा मला अभिमान होता. ही एक मी केली, आणि ती सुधारायला समास उरला नाही.

म्हणून हे लिहिलं. 'उतारावरची चौकी'च्या सातव्या प्रकरणात ज्याने चौथ्या क्रमांकाने चहा घेतला तो शिपाई श्रावण बागडे, राहणार खापा. त्याला बायको होती आणि एक मुलगा होता, जो त्याने पाहिला नव्हता.

परवा हवालदारांच्या बालपणाच्या पुस्तकाची उरलेली प्रूफं द्यायला त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांच्या खोलीत, त्यांच्या टेबलाशी वहिनी बसल्या होत्या. टेबल त्यांना उंच होत होतं म्हणून खुर्चीवर चादरीची घडी घातली होती. वहिनी चौथी शिकलेल्या. समोर शाळेची दुरेघी वही होती आणि त्यांनी ती लपवली नाही. म्हणाल्या, "मी बी लिहून राहिली, भाऊजी. तेवीस वर्स मी त्यायच्यावर वहीम घेतला, तो लिहून राहिली. तुमचं बी नाव येईन त्याच्यात." मी म्हटलं, येऊ द्या. त्यांनी वही माझ्यापुढे केली. पहिल्या पानावर, दोन रेघांच्या मधे अक्षर नीट बसवत, लिहिलं होतं: माझे मालक खाप्याहून आले का मी त्यायचा सदरा हुंगून पाहत होती. त्याले फक्त एसटीचा वास येत होता.